'कॅम्पेन फायनान्स'वाली घटनादुरुस्ती : मराठीत काय म्हणायचं?

अमेरिकेत निवडणुकीतल्या पैशाला लगाम घालायला घटनाच बदला अशी मागणी बरीच वर्षं चाललीय, त्यावर इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी लिहितोय. शीर्षक दिलं 'निवडणूक निधीवर मर्यादा घालणारी घटनादुरुस्ती'. संपादकांनी त्यातल्या 'घटनादुरुस्ती'चं 'संविधान संशोधन' केलं. जाणकारांनी सांगा.

---

संशोधन नको हो! ते सरळ हिंदीतून उचललेलं, मराठीत संशोधन म्हटलं की प्रयोगशाळा नाहीतर पीएचडी. संविधान म्हणा, राज्यघटना म्हणा, दुरुस्ती ती घटनादुरुस्तीच.

मला 'निधी' जास्त खटकतो. सगळं भांडण देणगी आणि खर्च या दोन वेगळ्या गोष्टींचं आहे. १९७६ च्या बकली वि. व्हॅलिओ खटल्यात सुप्रीम कोर्टाने देणगीवरची मर्यादा ठेवली, कारण मोठ्या देणगीतून भ्रष्टाचार होऊ शकतो, पण खर्चावरची उडवून लावली, का तर प्रचारावर पैसे खर्च करणं म्हणजे मत मांडणंच झालं. २०१० च्या सिटिझन्स युनायटेड निकालाने तीच सूट कंपन्या आणि युनियनना दिली, फक्त उमेदवाराशी संगनमत नको. केंद्रीय निवडणुकीत कंपनीने उमेदवाराला थेट चेक देणं आजही बंदच आहे! हे 'निधी'त कुठे कळणार?

---

मग 'खर्चमर्यादा' घ्या की, निवडणूक आयोगाचा रोजचा शब्द आहे, मोठ्या राज्यात लोकसभेला ९५ लाख वगैरे.

---

>> खर्चमर्यादा घ्या की

घेतला असता, पण आपल्याकडे ती फक्त उमेदवाराला, पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही, त्यामुळे वाचक उमेदवाराचाच खर्च धरून चालेल. तिकडची बोंब मुख्यतः बाहेरच्यांच्या खर्चाची आहे, सुपर पॅक (उमेदवारापासून स्वतंत्र राहून प्रचारावर हवा तेवढा खर्च करणारे गट) वगैरे.

आणि निधीपेक्षा मला 'घालणारी' चुकीचं वाटतं. २०१४ ला सिनेटर टॉम उडॉल यांचा जो मसुदा आला तो स्वतः एका डॉलरचीही मर्यादा घालत नव्हता, काँग्रेसला (म्हणजे तिकडच्या संसदेला) आणि राज्यांना वाजवी मर्यादा घालता येतील एवढंच म्हणत होता, पुढे कायदा करायचा की नाही ते त्यांनी बघावं. म्हणून 'घालू देणारी'. अर्थात ११ सप्टेंबर २०१४ ला सिनेटमध्ये ५४ विरुद्ध ४२ मतांवर गाडी अडकली, चर्चा थांबवून पुढे जायलाच ६० लागत होते, मंजुरीला दोनतृतीयांश, आणि त्यानंतरही हाउस (संसदेचं दुसरं सभागृह) आहे, ३८ राज्यांची संमती आहे. तुमच्या शीर्षकातली दुरुस्ती झालेलीच नाही, 'प्रस्तावित' टाकाच.

---

'वाजवी' बघून मजा वाटली. आपल्या कलम १९ मध्ये 'वाजवी निर्बंध' घटनेतच लिहिलेत, त्यांच्याकडे अशी काही मुभा लिहिलेलीच नाही, म्हणून कोर्टाचा निकाल फिरवायला एवढा खटाटोप.

त्यावरून आठवलं, लेखात कुठे नुसतं 'पहिली घटनादुरुस्ती' असेल तर गोंधळ होईल. त्यांची १७९१ ची, बोलण्याच्या हक्कावर गदा आणू नका असं सरकारला बजावणारी. आपली १९५१ ची, तिने उलट निर्बंधांची कारणं वाढवली! सरळ 'फर्स्ट अमेंडमेंट' लिहा, अमेरिकेतल्या मराठी माणसाला तेच कळतं.

---

नाही पटलं, 'अमेरिकन घटनेची पहिली दुरुस्ती' लिहिलं की कुठे गोंधळ होतो? प्रत्येक वेळी इंग्रजी घ्यायचं तर अंक मराठीत कशाला काढायचा.

---

धन्यवाद मंडळी. 'प्रस्तावित' आणि 'घालू देणारी' दोन्ही घेतो. अजून एक, मसुद्यात माणसं आणि कायद्याने निर्माण झालेल्या संस्था यांच्यात फरक करता येईल असंही आहे, त्या संस्थांना 'कृत्रिम व्यक्ती' म्हणू का?

---

कायद्याच्या मराठीत चालतं, पण मंडळाच्या अंकात लोकांना रोबो वाटेल. 'कंपन्या व इतर संस्था' लिहा. आणि शीर्षकात 'निधी'च्या जागी 'देणग्या व खर्च' करा, मसुद्यात पैसे गोळा करणं आणि खर्च करणं दोन्ही आहे.

---

'निवडणुकीतील देणग्या व खर्चावर मर्यादा घालू देणारी प्रस्तावित घटनादुरुस्ती'. संपादक आता लांबीवरून ओरडणार.