फुटाळ्याची संध्याकाळ अन् समोरून लाईट?

नवरदेवाचा वेगळा काढलेला फोटो कापून नागपूरच्या फुटाळा तलावाच्या फोटोवर बसवलाय, पण तो चिकटवल्यासारखा दिसतो, ही तुमची अडचण. कडा सॉफ्ट करा, फेदर (कडेची धूसरता) वाढवा असं वर दोघांनी सुचवलंय, पण या फोटोत दोष कडांचा नाहीच, भाऊ. मागे फुटाळ्यावर सूर्य मावळतोय, म्हणजे प्रकाश पाठीमागून, आडवा येतोय. नवरदेवाच्या नाकाची सावली मात्र सरळ खाली ओठावर! सॉफ्टबॉक्स (प्रकाश मऊ करणारी कापडी पेटी लावलेला दिवा) समोर, डोक्याच्या वर होता हे लगेच कळतं. कटिंग कितीही सफाईदार असो, डोळा फसत नाही.

पुन्हा शूट जमत असेल तर मेन लाईट मागून एका बाजूने घ्या आणि त्यावर फुल सीटीओ जेल, म्हणजे प्रकाश नारिंगी करणारा पारदर्शक रंगीत कागद, लावा. फ्लॅशचा 5500 केल्विनचा पांढरा प्रकाश 2900 ते 3200 च्या आसपास उतरतो, म्हणजे मावळतीसारखा उबदार होतो. समोरून फक्त मोठ्या रिफ्लेक्टरचा फिल (सावल्या उजळणारा प्रकाश), तोही मेन लाईटपेक्षा दीडेक स्टॉप कमी; एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा. कॅमेऱ्याची उंचीही जुळवा. बॅकग्राउंड छातीच्या उंचीवरून टिपलं असेल, तर क्षितिज नवरदेवाच्या छातीतूनच जायला हवं. इथे ते गुडघ्याशी आहे, म्हणून तो राक्षसासारखा उभा वाटतो.

त्वचेचं म्हणाल तर फ्रिक्वेन्सी सेपरेशनमध्ये (त्वचेचा पोत आणि रंग वेगळ्या लेयरवर घेण्याची पद्धत) लो लेयर, म्हणजे रंगाचा लेयर, ब्लर करत सुटलात, गाल मेणाचे झाले. 50 टक्के करड्या लेयरवर सॉफ्ट लाईट मोडमध्ये डॉज-बर्न करा, म्हणजे ब्रशने थोडं थोडं उजळ-गडद करा, ब्रशचा फ्लो (एका फटक्यात उतरणारा रंग) 2-3 टक्केच. वेळ खातं, पण रंध्रं शाबूत राहतात. हळदीचा पिवळेपणा तेवढा काढू नका, असू द्या की! सगळं झाल्यावर नवरदेव आणि बॅकग्राउंड, दोन्ही लेयरवर एकच ग्रेन (बारीक रवाळपणा) टाका, आणि काळा रंग तपासा: तलावाकडच्या धूसर सावल्यांपुढे शेरवानी फार गडद दिसतेय.