बसऱ्याला गेलेल्या पणजोबांचा लष्करी नोंदींतून माग कसा काढावा?

प्रश्न (मूळ गाव खेड तालुका, सध्या ठाणे)

नमस्कार. माझे पणजोबा पहिल्या महायुद्धाच्या वेळी पलटणीत होते आणि ते "बसऱ्याला गेले ते परत आले नाहीत", एवढेच आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. पणजी त्या वेळी विशीच्या आसपास असावी आणि आजोबा मांडीवर होते. पुढे कित्येक वर्षे पणजी खेडच्या कचेरीत जाऊन "बसऱ्याची पेन्शन" आणत असे. त्या दिवशी ती आजोबांसाठी गूळ घेऊन येई, असे आजी सांगायची. घरातील इंग्रजी कागद खेडच्या घरात पेटीत ठेवलेले होते, ते जगबुडीच्या पुरात गेले.

मी एका लष्करी अभिलेख कार्यालयाला पणजोबांचे नाव आणि गाव कळवून माहिती मागितली होती. "या नावाची नोंद उपलब्ध नाही" असे एका ओळीचे उत्तर आले. दिल्लीच्या इंडिया गेटवर कोरलेल्या नावांतही मला ते सापडले नाहीत. आमचे आडनाव जाधव असल्याने नुसत्या नावाने शोध घेणे किती कठीण आहे याची मला कल्पना आहे. तरीही ते कोणत्या पलटणीत होते, कुठे आणि कधी वारले, आणि पणजीला मिळणाऱ्या पेन्शनची काही नोंद आज कुठे असू शकेल का, हे जाणून घेण्याची मनापासून इच्छा आहे. सुरुवात कुठून करावी?

प्रतिसाद (निवृत्त सुभेदार, बेळगाव)

ताई, आपल्याला आलेले उत्तर वाचून निराश होऊ नका. "नोंद उपलब्ध नाही" याचा अर्थ "हा माणूस फौजेत नव्हता" असा होत नाही. अभिलेख कार्यालयात माणूस नावाने सापडत नाही, तो क्रमांक आणि पलटण या दोन गोष्टींवरून सापडतो. त्या काळी क्रमांक प्रत्येक पलटणीचा स्वतंत्र असे, त्यामुळे एकच चार अंकी क्रमांक ११० व्या पलटणीत एकाचा आणि ११६ व्या पलटणीत दुसऱ्याचा असू शकतो. म्हणून नुसता क्रमांक मिळूनही भागत नाही, पलटण कळलीच पाहिजे.

पलटणींची नावे १९२२ साली बदलली, हेही ध्यानात ठेवावे. १०३, १०५, ११०, ११६ आणि ११७ या जुन्या पलटणी पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या अनुक्रमे पहिल्या ते पाचव्या बटालियन झाल्या आणि ११४ वी पलटण प्रशिक्षण बटालियन झाली. आजच्या रेजिमेंटचे केंद्र येथे बेळगावात आहे. महार समाजातील कोणी शोध घेत असेल तर वाट थोडी वेगळी आहे : १११ वी महार पलटण १९१७ साली उभारली गेली आणि १९२१ साली मोडली गेली, आजची महार रेजिमेंट १९४१ साली उभी राहिली आणि तिचे केंद्र मध्य प्रदेशात सागर येथे आहे. जे बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे फौजेच्या इंजिनिअर दलात, होते त्यांचे दप्तर पुण्याजवळ खडकीला आहे. चुकीच्या केंद्राकडे पत्र गेले तर खरे उत्तरही नकारार्थीच येते.

आता कागदांविषयी. प्रत्येक शिपायाचे एक शीट रोल असे. त्यात वडिलांचे नाव, गाव, तालुका, भरतीची तारीख, बढत्या, शिक्षा आणि वारसाचे नाव लिहिलेले असे. परंतु हे कागद कायमचे ठेवले जात नाहीत. पेन्शन नसलेल्या माणसाचे कागद सेवा संपल्यानंतर पंचवीस वर्षांनी नष्ट करण्याचा नियम आहे, आणि मग उरते ते केवळ लाँग रोल, म्हणजे पलटणीतील माणसांची क्रमवार नोंदवही. त्यात एका माणसाला एकच ओळ असते, पण शंभर वर्षांनंतर ती एक ओळसुद्धा मोठी असते. पत्रात "लाँग रोल तपासावे" असे स्पष्ट लिहावे, नाहीतर नष्ट झालेल्या शीट रोलचेच उत्तर येते. माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडून अर्ज केल्यास लेखी उत्तर तरी नक्की मिळते.

घरात एखादे मेडल उरले आहे का? असल्यास त्याची कड भिंगाखाली पाहा. पहिल्या महायुद्धाच्या मेडलांच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. रिबीन गेली असली तरी कड बोलते.

प्रतिसाद (इतिहासाचे शिक्षक, सातारा)

सुभेदारसाहेबांनी सांगितलेली वाट योग्यच आहे, परंतु आपल्या पणजोबांच्या बाबतीत आणखी एक दार आधी ठोठावावे असे मला वाटते. ते युद्धात वारले, आणि युद्धात वारलेल्यांची नोंद कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन या संस्थेकडे असते. तिच्या संकेतस्थळावर शोध विनामूल्य घेता येतो. त्यात क्रमांक, हुद्दा, पलटण आणि मृत्यूची तारीख असते, आणि अनेक शिपायांच्या नोंदीत वडिलांचे नाव, गाव, तालुका व जिल्हाही दिलेला असतो. वाचलेल्या शिपायांची अशी खुली यादी आपल्याकडे नाही. म्हणजे जो परत आला त्याच्यापेक्षा जो आला नाही त्याचा माग लवकर लागतो. हे लिहिताना मलाही वाईट वाटते, पण शोधाची सत्यस्थिती तीच आहे.

शोधताना आडनाव आपण आज लिहितो तसे टाकून थांबू नये. कारकुनांनी कानाला आले तसे लिहिले आहे : जाधवच्या शेवटी व्हीच्या जागी कधी ओ असतो, कधी ए-ओ, पवारचे पोवार होते, लक्ष्मणचे लक्सुमन होते, आणि मराठा या शब्दातही तेव्हा एक जादा एच आणि दोन टी घालत असत. गावाच्या नावाचेही तेच. म्हणून आधी तालुका आणि जिल्हा यांवरून यादी काढावी, मग नावाकडे यावे. आपला तालुका तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यात आणि मुंबई प्रांतात येत असे.

इंडिया गेटवर नाव सापडले नाही याची खंत करू नका. ते स्मारक सर्वांसाठी असले तरी त्यावर कोरलेली नावे मुख्यतः वायव्य सरहद्दीवर आणि तिसऱ्या अफगाण युद्धात पडलेल्यांची आहेत. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, पडलेल्या आणि कबर नसलेल्या शिपायांचे स्मारक बसऱ्याला आहे. ते १९२९ साली उभे राहिले आणि १९९७ साली तेथून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेण्यात आले. त्यावर गोऱ्या सैनिकांची नावे कोरली गेली, पण आपल्या शिपायांची तेथे केवळ संख्या लिहिली गेली. नावे वेगळ्या नोंदवहीत राहिली. या भेदभावाबद्दल कमिशनने २०२१ साली जाहीर माफी मागितली. माझ्या विद्यार्थ्यांना मी हे आवर्जून सांगतो, कारण आमच्या जिल्ह्यात अपशिंग्यासारखी गावे आहेत, जिथे युद्धाचा दगड गावातच उभा आहे, आणि त्या दगडावरही किती गेले आणि किती पडले हा आकडाच आहे. आपल्या गावात देवळाजवळ किंवा शाळेच्या भिंतीत असा दगड आहे का, हेही पाहावे.

कोकणातील आणखी कोणी वाचत असल्यास : पूर्वज पलटणीत नसून जहाजावर खलाशी असतील, तर त्यांच्या नोंदी मुंबईच्या मस्जिद बंदर येथील इंडियन सेलर्स होममधील स्मारकाखाली पाहाव्यात. तेथे दोन हजारांहून अधिक नावे आहेत.

प्रश्नकर्तीचे उत्तर

आपणा दोघांचे मनापासून आभार. चिपळूणला दिलेल्या माझ्या आत्याच्या देवघरात एक चांदीचे मेडल आहे आणि ते पणजीचे म्हणून दर दसऱ्याला पूजेत ठेवले जाते, हे मला या आठवड्यात प्रथमच कळले. आत्याने पितांबरी न लावता ते कोरड्या कापडाने पुसले आणि तिच्या नातवाने फोनवर कडेचे फोटो पाठवले. चार अंकी क्रमांक, शिपाई हा हुद्दा, पणजोबांचे नाव आणि ११० मराठा ही अक्षरे स्पष्ट दिसतात.

कमिशनच्या यादीत मात्र त्याच नावाचे, खेड तालुक्याचेच दोघे जण सापडले. एक ११० व्या पलटणीतील असून त्याचा मृत्यू नोव्हेंबर १९१६ मधील आहे. दुसरा ११७ व्या पलटणीतील असून त्याचा मृत्यू एप्रिल १९१५ मधील आहे. पहिल्याचा क्रमांक मेडलशी जुळतो, परंतु त्याच्या नोंदीत वडिलांचे नाव आमच्या वंशावळीतील नावाहून वेगळे आहे. आमच्याकडे महादेव आहे, तेथे म्हादू लिहिले आहे. ही एकच व्यक्ती मानावी का? आणि बसऱ्याला युद्ध आधीच झाले असताना ते १९१६ च्या नोव्हेंबरात कसे वारले असतील?

प्रतिसाद (निवृत्त सुभेदार, बेळगाव)

ताई, म्हादू म्हणजे महादेवच. आईने हाक मारली त्या नावानेच पोरगा भरतीच्या रांगेत वडिलांचे नाव सांगत असे. क्रमांक आणि पलटण दोन्ही जुळत असताना शंका घेण्याचे कारण मला दिसत नाही. १९१५ च्या एप्रिलमध्ये वारलेले दुसरे शिपाई बहुधा बसऱ्याजवळच्या शैब्याच्या लढाईतील असावेत. ती १२ ते १४ एप्रिलला झाली आणि ११७ वी पलटण तिच्यात होती. त्यांच्याही घरी कोणीतरी असाच शोध घेत असेल, तेव्हा ती नोंदही जपून ठेवा.

तारखेबद्दल जे लिहितो ते शांतपणे वाचावे. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही पलटणी मेसोपोटेमियातील कूत-अल-अमारा या गावात वेढल्या गेल्या होत्या. ७ डिसेंबर १९१५ रोजी वेढा पडला, अन्न संपले, सुटकेसाठी आलेल्या फौजा पोहोचू शकल्या नाहीत आणि २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजार माणसे तुर्कांच्या हाती गेली. शिपायांना तेथून बगदादकडे आणि पुढे उत्तरेस पायी नेले, आणि अनेकांना रास-अल-ऐनच्या बाजूला रेल्वेच्या कामावर लावले. भूक, हगवण आणि ताप यांनी वाटेत आणि छावणीत माणसे गेली. ११० व्या पलटणीतील माणसाचा मृत्यू नोव्हेंबर १९१६ चा असेल तर तो बहुतेक कैदेतला आहे. घरच्यांनी "बसरा" म्हटले, कारण मुंबईहून सुटलेली बोट तेथे लागत असे. घरी तेवढेच नाव पोहोचले.

जिनिव्हाच्या रेड क्रॉसने पहिल्या महायुद्धातील कैद्यांच्या याद्या संकेतस्थळावर ठेवल्या आहेत. त्या हाताने पाने उलटून पाहाव्या लागतात आणि त्यासाठी वेळ लागतो, पण क्रमांक हाती असल्याने आपण तो प्रयत्न करावा. ११० व्या पलटणीचा लाँग रोल पाहण्यासाठी आता नवा अर्ज करावा आणि त्यात मेडलच्या कडेचा फोटो जोडावा.

प्रतिसाद (निवृत्त तलाठी, चिपळूण)

पेन्शनचा मुद्दा वर मागे पडला आहे, म्हणून लिहितो. पणजोबा वारले, तेव्हा पेन्शन त्यांच्या नावाने नव्हे तर पणजीच्या नावाने होती. फौजेच्या दप्तरात पणजोबांना शोधावे आणि मुलकी दप्तरात पणजीला, असे मी सुचवेन. तिचे संपूर्ण नाव, माहेरचे नाव आणि मृत्यूचे साल हाती असायला हवे.

तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात गाव नमुना चौदा, म्हणजे जुनी जन्म-मृत्यूची नोंदवही, मागावी. त्यात पणजीचा मृत्यू आणि आजोबांचा जन्म मिळण्याची शक्यता आहे. आजोबांच्या जन्माची तारीख मिळाली तर पणजोबा शेवटचे रजेवर कधी आले होते, याचाही अंदाज बांधता येतो. आजोबा ज्या मराठी शाळेत गेले तिचे दाखल-खारीज रजिस्टर पाहावे. बापाच्या मागे पालक म्हणून कोणाचे नाव लागले आहे ते त्यात दिसते.

फेरफार आणि वारस नोंदींबद्दल मात्र आशा जपून ठेवावी. खेड तालुक्यातील पुष्कळ गावे खोती होती. खोती १९५० साली जाईपर्यंत कुळाचे नाव अनेकदा खोताच्या बोटखतातच, म्हणजे त्याने ठेवलेल्या कुळांच्या वहीतच, असे. म्हणून फेरफारात पणजोबा नसले तर बोटखताची चौकशी करावी. मी नोकरीत असताना अशा खातेपत्रकांत "पलटणीत" असा शेरा एखाद्या नावासमोर पाहिला आहे, आणि त्या एका शब्दावरून एका कुटुंबाला त्यांचा माणूस सापडला आहे.

दुसऱ्या महायुद्धातील किंवा नंतरच्या पेन्शनरांचे वारस हे वाचत असतील तर त्यांनी घरातील पेन्शन पेमेंट ऑर्डर शोधावी. तिच्यावरील क्रमांक घेऊन प्रयागराजच्या संरक्षण लेखा कार्यालयाकडे आणि आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे विचारणा करता येते. ताईंच्या पणजीच्या बाबतीत ती वाट उपयोगी पडेल असे मला वाटत नाही. त्यांनी तहसीलमध्येच वेळ घालवावा.

प्रश्नकर्तीचे उत्तर

गेल्या सोमवारी खेडला जाऊन आले. नमुना चौदाच्या एका फाटक्या वहीत पणजीचा मृत्यू सापडला : साल १९५३, वय अंदाजे साठ, आणि पुढे "शिपायाची विधवा" असा शेरा. आजोबांचा जन्म ऑगस्ट १९१४ चा निघाला. पणजोबांची पलटण त्याच वर्षाच्या अखेरीस किंवा पुढच्या वर्षी निघाली असेल, तर त्यांनी आजोबांना पाहिले असण्याची शक्यता आहे. आत्याला हे फोनवर सांगितले तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही, आणि मग तिने मेडल घेऊन ठाण्याला येते असे सांगितले.

लाँग रोलसाठीचा अर्ज काल पोस्टात टाकला आहे. ११७ व्या पलटणीतील त्या दुसऱ्या शिपायांच्या गावी माझी एक मावसबहीण दिली आहे. त्यांचे कोणी तेथे आहे का, ते तिला विचारले आहे.