इल्युडिनपासून बनवलेलं औषध गाठीच्याच पेशी कसं गाठतं? मदत हवी आहे

मंडळी, माझ्या आतेभावाला ग्लायोब्लास्टोमा (मेंदूचा कॅन्सर) आहे. ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं, आता टेमोझोलोमाइड ही केमोची गोळी चालू आहे. रिपोर्टमध्ये 'एमजीएमटी अनमिथिलेटेड' आलंय (एमजीएमटी हे डीएनए दुरुस्त करणारं प्रथिन). म्हणजे औषधाने डीएनएला केलेली इजा गाठीच्या पेशी बऱ्यापैकी दुरुस्त करून घेतात, असं डॉक्टर म्हणाले. त्यातच घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'मशरूमने मेंदूचा कॅन्सर बरा' आलं आणि आत्याने कुठल्याशा पावडरची चौकशीही सुरू केली. तिला आधी थांबवलं.

मग वाचायला बसलो. ऑम्फॅलोटस ही अंधारात चमकणारी विषारी अळंबी. खाल्ली तर उलट्यांनी जीव नकोसा होतो. तिच्यातलं इल्युडिन एस औषध म्हणून फारच जहाल, म्हणून रेणूत फेरफार करून ॲसिलफुल्विन नावाची रसायनं बनवली. त्यातलं इरोफुल्वेन स्वादुपिंडाच्या कॅन्सरसाठी तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीपर्यंत पोचलं, पण २००२ मध्ये ती बंद पडली. काहींच्या नजरेवरही परिणाम झाला होता. त्याच घराण्यातल्या एलपी-१८४ या नव्या औषधाच्या माणसांवर चाचण्या झाल्या आहेत.

हे रेणू पीटीजीआर१ हे एन्झाइम असलेल्या पेशीतच जागे होतात म्हणे. माझं घोडं इथेच अडतं. ते एन्झाइम यकृतातही भरपूर असतं! मग यकृत वाचतं कसं? बीएस्सी केमिस्ट्री झालीय (फार जुनी), तेव्हा रेणूच्या भाषेत सांगितलं तरी चालेल.

प्रतिसाद:
एन्झाइम ही अर्धीच गोष्ट. मूळ इल्युडिन पेशीतल्या ग्लुटाथायोनसारख्या थायॉलशी (गंधक असलेल्या रेणूंशी) आपणहून भिडतं, म्हणून दिसेल त्याला चावतं. ॲसिलफुल्विनची ही खोड बरीच मोडलेली आहे. एन्झाइमने रिडक्शन केलं की मग सायक्लोप्रोपेनचं (तीन कार्बनचं) कडं उघडतं आणि रेणू डीएनएला चिकटतो. ही इजा एमजीएमटीला निस्तरता येत नाही. तिथे न्यूक्लिओटाइड एक्सिजन रिपेअर (डीएनएचा बिघडलेला तुकडा कापून नवा भरणारी दुरुस्ती) लागतं. निरोगी यकृतात ते शाबूत असतं, काही गाठींत मोडकं. एन्झाइम भरपूर आणि दुरुस्ती लंगडी, अशी गाठ सापडली तर नेम लागतो. उंदरांत स्पायरोनोलॅक्टोन (लघवी वाढवणारं जुनं औषध) देऊन ही दुरुस्ती मुद्दाम ढिली करून पाहिली आहे. ती गोळी मेडिकलमध्ये मिळते, पण मनाने देऊ नका.

धागाकर्ता:
आभार! म्हणजे बायोप्सीच्या ब्लॉकवर (गाठीच्या जपून ठेवलेल्या तुकड्यावर) दुरुस्तीची जनुकं तपासली आहेत का, हे विचारायला हवं. गुरुवारी ओपीडी आहे.