फँटसीतून राजकारणावर टीका नेमकी कशी होते?

पुस्तकवेडी:
सध्या टेरी प्रॅचेट या इंग्रज लेखकाची डिस्कवर्ल्ड ही फँटसी सीरिज वाचतेय. कासवाच्या पाठीवर चार हत्ती, त्यांच्यावर सपाट जग, त्यात ट्रोल, बुटके, जादूगार. आणि त्याच जगात आंख-मॉरपॉर्क नावाचं शहर आहे, जिथे चोरांचा अधिकृत गिल्ड, म्हणजे धंद्याचा संघ आहे, त्यांचा कोटा ठरलेला, तुम्हाला लुटलं की रीतसर पावती मिळते. आमच्या वाचनाच्या ग्रुपमधे एक काका म्हणाले, टीका करायची तर नाव घेऊन करावी, ड्रॅगन कशाला हवेत? मला हे अजिबात पटत नाहीये. सरळ लेखात न जमणारं असं फँटसीत काय जमतं? उदाहरणं द्या प्लीज.

निखिल_सावंतवाडी:
डिस्कवर्ल्डमधल्याच 'मेन ॲट आर्म्स' (१९९३) मधला बुटांचा उतारा काढून दाखवा त्यांना. व्हाइम्स हा शहराच्या पहारेकऱ्यांचा कॅप्टन, पगार महिना ३८ डॉलर. चांगले बूट ५० डॉलरला, ते वर्षानुवर्षं टिकतात, पण एवढे पैसे एकदम असतात कुणाकडे, म्हणून तो १० डॉलरवाले घेतो, ते एक-दोन सीझनमधे फाटतात, म्हणजे दहा वर्षांत गरीब माणसाचे १०० डॉलर जातात आणि पाय ओले ते ओलेच. गरिबी महाग पडते हे कुणीही लेखात सांगेल हो, पण इथे ते सांगणारा माणूस त्याच फाटक्या बुटांत रात्री गस्त घालतो, तळवे इतके पातळ की पायाखालच्या दगडांवरून गल्ली ओळखतो! म्हणून ते डोक्यात राहतं. २०२२ मधे ब्रिटनमधे गरिबीवर लिहिणाऱ्या जॅक मन्रो यांनी गरिबांच्या किराण्याची महागाई मोजायचा इंडेक्स जाहीर केला, त्याला व्हाइम्सच्या बुटांचंच नाव दिलं, प्रॅचेटच्या घरच्यांच्या परवानगीने.

अश्विनी_के:
गलिव्हर विसरू नका. आपण त्याला लहान मुलांचं पुस्तक करून टाकलंय पण १७२६ मधे स्विफ्टने ते फार चिडून लिहिलंय. लिलिपुट या बोटभर माणसांच्या देशात, तिथल्या दरबारात पद हवं तर दोरीवर नाचून दाखवायचं, सगळ्यात उंच उडी खजिनदार फ्लिमनॅपची, आणि तो म्हणजे त्या वेळचा ब्रिटिश पंतप्रधान वॉलपोल. उंच टाचा आणि बुटक्या टाचा असे दोन पक्ष, म्हणजे तेव्हाचे इंग्लंडमधले टोरी आणि व्हिग पक्ष. वॉलपोल आज कुणाला माहीत असायची गरजच नाही, दोरीवरची उडी बघितली की पुढचं आपलं आपल्याला कळतं. नाव घेऊन लिहिलं असतं तर ते त्या माणसाबरोबरच संपलं असतं असं मला ठामपणे वाटतं.

दादरकर:
अश्विनीताई, पटलं, पण लपवण्याची गरज पण तेवढीच खरी असते. खाडिलकरांचं 'कीचकवध' १९०७ चं. व्हाइसरॉय कर्झनचं नाव एकदाही नाही, सगळं महाभारतातलं, तरी प्रेक्षकांना कीचक कोण ते कळलं, सरकारलाही कळलं आणि १९१० मधे बंदी आली. ते व्यंग नव्हे, सरळ संताप आहे, पण वाट तीच.
व्यंग बघायचं तर रशियन लेखक बुल्गाकोव्हची 'मास्टर अँड मार्गारिटा' ही कादंबरी. सैतान मॉस्कोत येतो. पण तो यायच्या आधीपासूनच ५० नंबरच्या फ्लॅटमधून माणसं गायब होतायत, एक पोलीस येतो, दोन मिनिटांचं काम आहे म्हणून भाडेकरूला घेऊन जातो, दोघंही परत येत नाहीत, आणि घरातली मोलकरीण म्हणते ही चेटूकच आहे. अटक हा शब्द कुणी उच्चारतच नाही. स्टालिनच्या काळात लोक कसे घाबरून बोलायचे ते मला त्या एका पानावर कळलं. बुल्गाकोव्ह १९४० मधे गेला, पुस्तक रशियात छापून आलं १९६६-६७ ला, तेही कापून.

पुस्तकवेडी:
दादरकर, अंगावर काटा आला वाचून. मी त्या काकांना आता प्रॅचेटचंच 'स्मॉल गॉड्स' देणार आहे. त्यात ओम देवाला बैल होऊन अवतरायचं असतं पण तो होतो कासव, कारण त्याच्या नावाने चालणाऱ्या एवढ्या मोठ्या साम्राज्यात मनापासून श्रद्धा असलेला एकच मुलगा उरलाय, बाकीच्यांची श्रद्धा पुजाऱ्यांवर आणि छळाच्या भीतीवर. यावर लेख लिहिला असता तर लोक पहिल्या ओळीलाच आस्तिक-नास्तिक अशा बाजू घेऊन भांडले असते. इथे आपल्याला त्या देवाचीच दया येते, आणि राग बरोबर त्या पुजाऱ्यांचा येतो.

निखिल_सावंतवाडी:
बेस्ट चॉइस. ती स्वतंत्र कादंबरी आहे, आधीचं काही वाचलेलं नसलं तरी काकांना अडणार नाही.