‘आकाराप्रमाणे दर’: किनाऱ्यावरचं महागडं जेवण, दाम वसूल की खिसा साफ?

मांडव्यापासून वेंगुर्ल्यापर्यंत समुद्राकडे तोंड करून बसलेली महागडी रेस्टॉरंटं आता बरीच झाली. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का–मांडवा ही गाड्याही नेणारी रो-रो बोट सुरू झाली, ऑक्टोबर २०२१ मध्ये सिंधुदुर्गात चिपीला विमानं उतरायला लागली, आणि माणशी दोन-तीन हजार मोजून जेवणारं गिऱ्हाईक थेट किनाऱ्यावर येऊन पोचलं. तिथल्या मेन्यूत एक गोष्ट हमखास. सुरमई, पापलेट, शेवंड (लॉब्स्टर), कुर्ल्या यांच्यासमोर आकडा नसतो, ‘आकाराप्रमाणे’ एवढंच छापलेलं असतं.

महाग आहे याबद्दल माझं भांडण नाही. मालवणच्या जेट्टीवर मोठा मासा काय भावाने उचलला जातो हे ज्याने पाहिलंय तो स्वस्त पापलेटची आशा धरत नाही. पण पैसे माशाचे गेले, दर्याच्या देखाव्याचे गेले की नुसत्या पांढऱ्या टेबलक्लॉथचे, हे ताटावरून उठताना कळायला हवं.

तर लिहा. काय मागवलं, महिना कुठला, वजन दाखवलं का, आणि स्वतःच्या पैशाने पुन्हा जाल का. (दुसऱ्याच्या पैशाने सगळेच जातात.) गोव्यातल्या नाहीतर परदेशातल्या स्टेकहाउसचे अनुभवही चालतील, तिथेही वजनावरच मोजतात. तक्रार असेल तर हॉटेलचं नाव नको, गाव पुरे.

मूळ ठाण्याची, सासर अलिबाग

रिसॉर्टमधलं रेस्टॉरंट, लग्नाचा वाढदिवस, डिसेंबर. जिताडा मागवला. पेण-अलिबागकडे जिताड्याचा मान मोठा. पूर्वी साहेबाकडे काम अडलं की घरी जिताडा पोचता व्हायचा, असं आमचे सासरे अजून सांगतात. इथे मासा आधी आणून दाखवला, वजन सांगितलं, किलोचा दर सांगितला आणि मगच आत नेला. आला तो अख्खा, अंगावर आडव्या चिरा, कातडी इतकी कुरकुरीत की सुरी लावली की आवाज व्हावा. आतलं मांस पाकळ्यांनी सुटत होतं. सोबत कोकमाचा सॉस. त्यात एवढी साखर कशाला घातली होती ते त्या शेफलाच ठाऊक.

बिल दोघांचं साडेसहा हजारांच्या घरात. ते नीट वाचलं, तर जीएसटी १८ टक्के. जिथे खोलीचं रोजचं भाडं साडेसात हजारांच्या वर, तिथल्या रेस्टॉरंटला १८ लागतो. रस्त्यापलीकडच्या साध्या रेस्टॉरंटात ५. म्हणजे तोच जिताडा गेटच्या आत खाल्ला की कर साडेतीनपटीच्याही वर. शिवाय खाली १० टक्के सेवा शुल्क आपलं आपणच येऊन बसलेलं. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलंय की हे शुल्क बिलात परस्पर लावायचं नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही तेच उचलून धरलं. आम्ही ‘हे काढा’ म्हटलं, मॅनेजरने हसत काढलं. इतक्या सहज काढलं त्यावरून रोज किती जण न वाचता भरत असतील याचा अंदाज आला.

पुन्हा जाईन. वाढदिवसालाच.

मालवण, खानावळवाला

मी पलीकडच्या बाजूने लिहितो. ‘आकाराप्रमाणे’ लिहिण्यात दरवेळी लबाडी नसते. वारा सुटला, दोन दिवस होड्या गेल्या नाहीत, की सुरमईचा भाव कुठल्या कुठे जातो. छापील आकडा ठेवला तर एकतर मी बुडणार, नाहीतर तुमच्या ताटात पापुद्र्यासारखी तुकडी येणार. अख्खी सुरमई घेतली की डोकं, शेपटाकडचा भाग, पोटातलं सगळं वजा. तळून द्यावेत असे मधले गोल तुकडे मोजकेच निघतात आणि साऱ्या माशाची किंमत त्यांच्यावरच काढायची असते. डोकं कढीत जातं. (डोकं मागून घेणारं गिऱ्हाईक आलं की मी ओळखतो, याला मासा कळतो.)

राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी. त्या दिवसांत कोणी टेबलाजवळ येऊन ‘आजचीच सुरमई आहे सर’ म्हणाला तर समजून जा. तो मासा बर्फातला, नाहीतर बाहेरून आलेला. पूर्व किनाऱ्याची बंदी १४ जूनला उठते, त्यामुळे तिकडचा मासा इकडे येऊ शकतो. त्यात वाईट काही नाही, पण सांगा ना तसं! पावसात खाडीचं खा, कुर्ल्या खा, सुक्या माशाची आमटी खा. आमची आई म्हणते, ‘बर्फातलो मासो कढीत लपता, तव्यार लपणा नाय.’ महागड्या ठिकाणी पावसात सगळ्याच माशांवर लोणी-लसणाचा दाट सॉस का येतो, याचं उत्तर तिच्या या वाक्यात आहे.

रत्नागिरी, नोकरी दुबईत

अब्बा जन्मभर मिरकरवाड्याच्या बंदरावर स्वतः जाऊन मासा आणणारे. ते दुबईला आले तेव्हा त्यांना तिथल्या एका नावाजलेल्या स्टेकहाउसात नेलं. वेटरने ट्रेमध्ये बीफचे कच्चे तुकडे मांडून आणले. हा टेंडरलॉइन, हा रिबआय, हा जपानी वाग्यू. अब्बांनी चष्मा वर करून नीट बघितलं आणि मला हळूच विचारलं, ‘बोट लावून बघू देतात काय?’ देत नाहीत.

मग मी माझी अक्कल पाजळली. टेंडरलॉइन म्हणजे कण्याखालचा स्नायू. त्याला फारसं काम नसतं म्हणून तो मऊ, आणि एवढ्या मोठ्या जनावरात निघतो जेमतेम काही किलो, म्हणून महाग. रिबआय बरगड्यांकडचा, त्यात चरबीचे धागे, म्हणून चव जास्त. वाग्यूत ते धागे सगळ्या मांसभर पसरलेले, आणि जपानी प्रतवारीत सगळ्यात वरचा दर्जा ए-फाइव्ह. काही तुकडे तीन-चार आठवडे थंड कोरड्या खोलीत मुरवतात. त्यात पाणी उडून वजन घटतं, वरचा सुकलेला थर कापून टाकावा लागतो, आणि त्या घटीचे पैसे खाणारा भरतो. अब्बा म्हणाले, ‘म्हणजे सुकं.’ मी पुढे बोललो नाही.

अडीचशे ग्रॅमचा रिबआय मी आत गुलाबी राहील असा सांगितला. त्यांनी पूर्ण शिजलेला मागितला. वेटरने नाक मुरडलं नाही, एवढंच म्हणाला की वेळ लागेल. माझ्या प्लेटमध्ये थोडं लाल पाणी उतरलं. ते रक्त नसतं, स्नायूतल्या मायोग्लोबिनचा रंग असतो, हे मी समजावून सांगितलं. त्यांना पटलं नाही. बटाटा वेगळा, पालक वेगळा, मिरीचा सॉस वेगळा, पाणीसुद्धा विकतचं. खाऊन झाल्यावर अब्बांनी एकच विचारलं: ‘मीठ आणि मिरी, एवढंच? मग मसाल्याचे वाचलेले पैसे गेले कुठे?’

बिल आपल्या पैशात वीस हजारांच्या आसपास, आणि तरीही मला ते वसूल वाटलं. कारण मेन्यूवर मांस कुठल्या देशाचं, जनावर कुठल्या जातीचं, खाद्य काय, ग्रॅम किती, दर काय, सगळं छापलेलं. सांगितलं तसं शिजलं नसतं तर परत पाठवायची सोय. आमच्या किनाऱ्यावर दोन हजारांची सुरमई पुढ्यात येते तेव्हा ती कुठल्या बंदराला उतरली, बर्फात किती दिवस होती, हे एकाही मेन्यूत मी वाचलेलं नाही. मांस मुरवल्यावर किंमत चढते हे समजू शकतो. मासा तर दिवसागणिक उतरत जातो. पण काल राहिलेला म्हणून कमी दरात दिलेला मासा अजून कुठल्या हॉटेलात मला भेटायचाय.

सावंतवाडी

आम्हाला गोवा जवळ, स्टेक खायला तिकडेच जातो. महाराष्ट्रात २०१५ पासून बैलाच्या कत्तलीवरही बंदी असल्याने आपल्याकडे मेन्यूत टेंडरलॉइन दिसला तर तो म्हशीचा. त्याबद्दल तक्रार नाही. चरबी कमी असते, थोडा जास्त शिजला की संपला, एवढं स्वयंपाक्याला माहीत हवं. गोव्यात शेवटच्या खेपेला आत गुलाबी मागितला होता, आला तो आरपार तपकिरी. परत पाठवला तर दहा मिनिटांनी तोच तुकडा उलटा ठेवून, वर मशरूम सॉस ओतून आला. माझ्या सुरीची खूण त्याच्यावर होती! नवऱ्याचं शाकुती-पाव मात्र चौथाई पैशात फक्कड.

दापोली

शेवंड. काय बोलू? हर्णैला संध्याकाळचा लिलाव बघून आलो, डोक्यात शेवंड बसली. हॉटेलात दर विचारला, ‘साइजवर आहे’ म्हणाले. साइज विचारली, ‘मीडियम’ म्हणाले. बायको टेबलाखालून पाय मारत होती, मी म्हटलं होऊ दे खर्च. मधोमध चिरून, कवचात चीज घालून आली. चीज बाजूला सारल्यावर माझ्या वाट्याला चार घास. बिलात तिचे एकटीचे ४,८००. वजन विचारलं तर म्हणे किचनला माहीत. शेवंडीत डोकं आणि कवचच निम्म्याच्या वर जातं, खायचं ते शेपटात, हे मलाही ठाऊक आहे. पण मग वजन कशाचं, अख्ख्या शेवंडीचं की शेपटाचं? हे आधी सांगायला किती सेकंद लागतात?

चिपळूण, शुद्ध शाकाहारी

आमचं दुःख निराळं. गुहागरकडे समुद्रासमोर बसून, ऐन एप्रिलात, मेन्यूत पनीर टिक्का, पनीर बटर मसाला, मशरूम मंचुरियन. ओल्या काजूगरांची उसळ विचारली, नाही. फणसाची भाजी, नाही. केळफूल? त्या मुलाने ते कधी पाहिलंच नव्हतं. आमरस होता, पण डब्यातल्या पल्पचा. बाहेर रस्त्यावर हापूसच्या पेट्या रचलेल्या. पनीरला ६२०. त्या पनीरने समुद्र बघितला, एवढंच.

रायगड, मासेविक्री करणारी

माझ्या सुनेने हे सगळं वाचून दाखवलं, लिहितेय पण तीच. पैसेवाल्यांनी हॉटेलात पापलेट मागताना एक करा, कच्चा मासा टेबलावर मागवा. कल्ल्यापाशी दाबा. पांढरं पाणी आलं तर घ्या, तांबूस आलं तर नको. डोळा चकचकीत पाहिजे, आत गेलेला नको. बोटाने दाबलेला खड्डा वर आला पाहिजे. लाजू नका, आमच्याकडे टोपलीपाशी बसून वीस रुपयांसाठी तासभर वाद घालता, तिथे का गप्प बसता? मोठा पापलेट बाहेर जातो, निर्यातीला, मुंबईच्या बड्या हॉटेलांना. छोटा मारू नये म्हणतात आणि तळहाताएवढी पिल्लं ताटात सजवून देतात. पापलेट तर २०२३ मध्ये आपल्या सरकारने राज्यमासा केलाय. छोटा दिला तर परत पाठवा, तेवढाच तो वाचेल.

वेंगुर्ला, पूर्वी एका रिसॉर्टात होतो

दोन्हीकडून बोलणी खाल्लीत, म्हणून लिहितो. हंगाम ऑक्टोबर ते मे. पावसात खोल्या रिकाम्या, पण पगार, डिझेल, खारी हवा खाल्लेल्या यंत्रांची दुरुस्ती बारा महिने. तो सगळा खर्च तुमच्या सुरमईवर चढतो. हे मला मान्य. मला न पटलेलं ते वेगळंच. स्वयंपाकघरात मालवणी मसाला भाजता येणारं एकही माणूस नव्हतं. मसाला पाकिटातला, सोलकढी कोकमाच्या आगळात नारळाची पावडर कालवून. गावातली एक काकी फक्त सकाळी घावन घालायला यायची, आणि अभिप्रायाच्या वहीत पाहुणे लिहायचे तिच्याच घावनांबद्दल. मी मालकांना सुचवलं, काकींनाच रात्रीच्या कढीला ठेवू. म्हणाले, ‘त्यांना शेफचा कोट शोभणार नाही.’ बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ हे मसाल्याचं फळ किती घालायचं आणि ते जेवताना बाजूला काढायचं असतं, हे त्या कोटातल्या एकालाही माहीत नव्हतं. एका पाहुण्याने तिरफळ चावलं आणि जीभ बधिर झाली म्हणून डॉक्टर मागितला.

देवगड

वरचं सगळं वाचून परवा मुद्दाम गेलो, आईला घेऊन. ‘आकाराप्रमाणे’ पापलेट. म्हटलं, आधी वजन करून दाखवा. मुलगा आत गेला, बराच वेळ आला नाही, मग मॅनेजर आले. काटा दुरुस्तीला दिलाय म्हणाले. आई म्हणाली, ‘मग बिलाचा आकडा कशावर मोजता?’ ते हसले, आम्हीही हसलो. आम्ही छापील दराचे बांगडे मागवले, ३४० ला दोन, तिरफळ घातलेली कढी वर. बांगडे खरंच ताजे होते. पापलेट शेजारच्या टेबलाने घेतला, वजन न विचारता. त्यांचं बिल आलं तेव्हा आई खुर्ची वळवून बघत होती, मला तिला उठवून न्यावं लागलं.