विषय: पत्रिकेवर वेबसाईटच्या पत्त्याच्या शेवटी काय घालायचं, डॉट इन की डॉट ऑर्ग?

बाळूअण्णा, अनगोळ:
मंडळी, खडेबाजारचा प्रिंटर सकाळपासून फोन करायलाय. आपल्या मंडळाच्या गणपतीच्या पत्रिकेचं प्रूफ तयार आहे, वेबसाईटची ओळ तेवढी कोरी ठेवलीय, उद्या प्लेट लावणार म्हणतोय. लवकर सांगा की. नावाचा वाद परत काढू नका, ते ठरलंय.

मेघा, लीड्स:
अण्णा, डॉट ऑर्गच घाला. डॉट इन बघून गुगल धरून चालतं की साईट भारतातल्या लोकांसाठी आहे, आणि आपले मेंबर दुबई, मस्कत, इकडे युकेत. डॉट ऑर्ग कुठल्या एका देशाचं नाही, १९८५ पासूनचं आहे, संस्थेला शोभतं.

श्रीकांत, म्युनिक:
डॉट ईयू का नको? वर्गणी वेळेवर येते ती इकडूनच.

मेघा:
दादा, नको हो. त्याला युरोपियन युनियनचा रहिवासी नाहीतर नागरिक लागतो. ब्रेक्झिटनंतर इकडच्या लोकांची डॉट ईयूवरची नावं गेली, आमच्या ओळखीच्या एका तबला क्लासचं गेलं, त्याबरोबर मेल आयडी पण, पालकांना एकेकाला फोन करत बसले बिचारे. उद्या तुम्ही अबुधाबीला गेलात तर?

काका, खानापूर:
डॉट भारतचं कोणीच कसं बोलत नाही? २०१४ पासून देवनागरीत मिळतंय. फलकावर मराठी राहावी म्हणून आम्ही इथं जन्मभर भांडायलोय, आणि आपल्याच पत्त्यात मराठी नको?

सचिन, टिळकवाडी:
काका, पटतंय, ते पण घेऊया आणि डॉट ऑर्गकडे वळवूया. मेल आयडी मात्र त्यावर नको, बरेच फॉर्म देवनागरी पत्ता चुकीचा म्हणून घेतच नाहीत. आणि खरी काळजी वेगळीच आहे, डॉट इन अजून जुन्या सेक्रेटरींच्या पर्सनल खात्यावर आहे, रिन्यूअलचे मेल त्यांच्या सोडलेल्या ऑफिसच्या आयडीवर जातात. मुदत संपली की कोणीही घेईल, आणि जुन्या सगळ्या पत्रिकांवर तेच छापलंय. तिन्ही पत्ते मंडळाच्या नावावर करा, पासवर्ड दोघांकडे.

वहिनी, मस्कत:
दोघं म्हणजे कोण? हॉल बुकिंगच्या वेळेसारखं नको, एक माणूस आमच्याकडचा पाहिजे.

बाळूअण्णा:
वहिनी, तुम्हीच घ्या एक. सचिन, डॉट ऑर्ग आणि डॉट भारत मोकळी आहेत काय बघ, असतील तर आत्ताच घेऊन टाक, पैसे मी देतो, मग प्रिंटरला सांगतो. काका, डॉट भारत वरच्या ओळीत घालतो, मला पण तेच पाहिजे.