मदत हवी आहे: हसऱ्या चालीत हुरहूर कशी आणायची?

इंडी पॉपचं सिंगल घरीच रेकॉर्ड करतोय. सी मेजर स्केल (सी म्हणजे सा), टेम्पो ११२ बीपीएम, म्हणजे मिनिटाला ११२ ठोके; गिटार, सिंथ, एकच आवाज. चाल उडती, शब्द निरोपाचे. कडव्याच्या शेवटी एफ मेजर कॉर्डनंतर (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे सूर) एफ मायनर घेतलाय. शुद्ध धैवत कोमल होतो त्या क्षणी पोटात अगदी हवी तशी कालवाकालव होते. पण धृपद आलं की नुसता आनंदीआनंद! टेम्पो ९६ केला, तर गाणं रडकं झालं. (रडकं नकोच आहे.) रीव्हर्ब (आवाजाचा घुमारा) वाढवला, तर शब्द बुडाले. धृपदाच्या चालीत शुद्ध धैवत ठाण मांडून बसलाय, म्हणून एफ मायनर तिथे चालत नाही. गायन रेकॉर्ड झालंय, चाल बदलता येणार नाही. मग कॉर्डखालचा नुसता बेसचा सूर बदलून भागेल, की दुसरा कुठला कॉर्ड सुचवाल?